राज्य कामगार विमा योजनेचे परीक्षण: वर्गणीवर नजर आहे, उपचारावर कोणाची?

महाराष्ट्रातल्या कोणत्याही औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराच्या पगाराच्या स्लिपवर भविष्य निर्वाह निधीच्या ओळीखाली आणखी एक लहानशी कपात असते. ही राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी; कामगार तिला नुसते ‘ईएसआय’ म्हणतात. लघुउद्योगांची पगारपत्रके तयार करण्याच्या माझ्या कामामुळे ही ओळ दर महिन्याला डोळ्यांखालून जाते. आपण हे पैसे नेमके कशासाठी देतो, हे विचारले तर बहुतेक कामगार ‘दवाखान्यासाठी’ इतकेच सांगू शकतात. ज्या सेवेची किंमत पगार हातात पडण्याआधीच वसूल होते, तिचे परीक्षण एखाद्या खाजगी आरोग्य विमा पॉलिसीइतक्याच काटेकोरपणे व्हायला हवे. त्यासोबत या सेवेवर सरकारची देखरेख कशी चालते हेही पाहावे लागते, कारण ही सेवा आवडली नाही म्हणून दुसऱ्या दुकानात जाण्याची मुभा कामगाराला नाही.

प्रथम किंमत पाहू. १ जुलै २०१९ पासून कामगाराची वर्गणी पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाची ३.२५ टक्के आहे. त्याआधी हे दर अनुक्रमे १.७५ आणि ४.७५ टक्के होते. महिना १८,००० रुपये पगार असलेल्या कामगाराचे १३५ रुपये कापले जातात आणि मालक ५८५ रुपये भरतो. एवढ्या रकमेत कामगार, त्याची पत्नी, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील यांना उपचार मिळतात आणि त्या उपचारांच्या खर्चावर वरची मर्यादा नाही. आधीपासून असलेल्या आजाराची अट नाही, वयानुसार हप्ता वाढत नाही, नोकरीला लागल्या दिवसापासून बाह्यरुग्ण सेवा सुरू होते. या किमतीत इतके संरक्षण देणारी दुसरी पॉलिसी बाजारात नाही, हे मी पूर्ण विचारांती म्हणते.

मात्र या योजनेला निव्वळ आरोग्य विमा समजणे चुकीचे ठरेल. आजारपणात कामावर जाता आले नाही तर सरासरी मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. क्षयरोग, कर्करोग यांसारख्या ठरवून दिलेल्या ३४ दीर्घ आजारांत हाच लाभ ८० टक्क्यांनी आणि दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. कामावर अपघात झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मजुरीच्या ९० टक्के आहे आणि त्यासाठी वर्गणीच्या किमान दिवसांची अट नाही: कामाच्या पहिल्या दिवशी प्रेस मशीनमध्ये बोट गेलेल्या मुलालाही तो लागू होतो. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही २०१० च्या दुरुस्तीनंतर, योग्य तो संबंध सिद्ध झाल्यास, कामावरचाच अपघात धरला जातो. चाकण किंवा वाळूजच्या रस्त्यावरून रात्रपाळी संपवून दुचाकीने घरी येणाऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद फार मोलाची आहे, आणि तरीही ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. अपघाती मृत्यू झाल्यास अवलंबितांना मासिक निवृत्तिवेतन मिळते, स्त्री कामगारांना २६ आठवड्यांची प्रसूती रजा पगारासह मिळते.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. १९४३ मध्ये सरकारने प्रा. बी. पी. आदारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम सोपवले आणि १५ ऑगस्ट १९४४ रोजी त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. पुढे १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. कामगार, मालक आणि सरकार यांनी मिळून जोखीम वाहायची, आणि लाभ दान म्हणून नव्हे तर भरलेल्या वर्गणीचा हक्क म्हणून द्यायचा, हा त्या मांडणीचा गाभा होता. योजनेला लावायची माझी कसोटी हीच आहे: वर्गणी भरणाऱ्याला आपला हक्क मागता येतो का, आणि मागितल्यावर उत्तर देणारा कोण?

पैशाच्या बाजूने पाहिले तर उत्तर बरेच समाधानकारक आहे. मालकाने मागच्या महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत ऑनलाइन भरायची असते. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के दराने व्याज लागते, शिवाय नुकसानभरपाई वेगळी. योजना चालवणाऱ्या कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे सामाजिक सुरक्षा अधिकारी हजेरीपट, पगारपत्रक आणि खतावणी तपासतात. कामगाराच्या पगारातून कापलेली रक्कम जमा न करणे हा फौजदारी कायद्याने विश्वासघाताचा गुन्हा मानला जातो. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर मूळ मालकाला ती भरावी लागते, आणि मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापता येत नाही. महामंडळाच्या हिशेबाची तपासणी भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात, वार्षिक अहवाल संसदेपुढे ठेवला जातो आणि दर तीन वर्षांनी विमागणिती मूल्यांकन, म्हणजे जमा निधी पुढच्या देण्यांना पुरेल का याची तपासणी, होते. महामंडळाच्या अध्यक्षस्थानी केंद्रीय कामगारमंत्री असतात. त्यात कामगारांचे, मालकांचे, राज्य सरकारांचे आणि वैद्यकीय व्यवसायाचे प्रतिनिधी, तसेच संसद सदस्य बसतात. रुपया कुठून आला आणि कोणत्या खात्यात गेला, हे पाहणारे डोळे भरपूर आहेत.

कामगाराला स्वतःलाही ते पाहता येते, आणि प्रत्येकाने ते पाहावे. दहा अंकी विमा क्रमांक वापरून महामंडळाच्या पोर्टलवर किंवा उमंग ॲपवर प्रवेश केला की कोणत्या महिन्यात किती दिवसांची, किती पगारावर वर्गणी भरली गेली याचा तक्ता दिसतो. तेथील दिवसांचा आकडा नीट वाचावा. पगार बरोबर दाखवून कामाचे दिवस कमी दाखवले गेले, तर वर्गणीच्या रकमेत काहीच खटकत नाही. परंतु पुढे लाभ नाकारला जातो तो या दिवसांमुळेच.

याचे कारण पात्रतेच्या गणितात आहे आणि ते थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. वर्षाचे दोन वर्गणी कालावधी असतात: १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. पहिल्या कालावधीत भरलेल्या वर्गणीवर पुढच्या १ जानेवारी ते ३० जूनमधला आजारपणाचा लाभ अवलंबून असतो, तर दुसऱ्या कालावधीतल्या वर्गणीवर १ जुलै ते ३१ डिसेंबरमधला. त्या त्या वर्गणी कालावधीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कायम कामगाराला ही अट जाचत नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराला मात्र ती नेमकी जाचते, कारण त्याला सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ दिला जातो, मग तो दुसऱ्या ठेकेदाराकडे लागतो, आणि मधल्या रिकाम्या आठवड्यांमुळे एका कालावधीत त्याचे ६५ किंवा ७० दिवसच भरतात. अशा कामगाराने वर्षभरात दीडशे दिवसांहून अधिक वर्गणी भरलेली असली तरी जानेवारीत कावीळ झाल्यावर त्याच्या हाती काही पडत नाही, असे होऊ शकते. वर्गणी घेताना प्रत्येक दिवस मोजायचा आणि लाभ देताना तेवढे दिवस पुरेसे नाहीत म्हणायचे, ही रचना १९४८ च्या स्थिर गिरणी कामगारासाठी समजण्यासारखी होती. आजच्या ठेकेदारी रोजगारात ती बदलायला हवी. मागच्या संपूर्ण वर्षाचे दिवस एकत्र मोजले तर अन्यायाचा मोठा भाग दूर होईल.

पगाराच्या मर्यादेबद्दलही हेच म्हणावे लागते. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, अपंग कामगारांसाठी २५,०००. वर्गणी कालावधीच्या मध्येच पगार मर्यादेपलीकडे गेला तर तो कालावधी संपेपर्यंत कामगार योजनेत राहतो, त्यानंतर बाहेर पडतो. किमान वेतन आणि महागाई भत्ता वाढत गेला, मर्यादा मात्र जागची हलली नाही. वार्षिक वाढ मिळून २१,२०० रुपयांवर गेलेल्या कामगाराच्या घरात डायलिसिस चालू असेल, तर त्या वाढीचा अर्थ त्याच्यासाठी काय होतो याचा विचार मर्यादा ठरवणाऱ्यांनी करावा.

आता उपचाराकडे वळू, कारण योजनेची खरी परीक्षा तेथेच होते आणि देखरेख नेमकी तेथेच विरळ होत जाते. महाराष्ट्रात या योजनेची दोन घरे आहेत. वर्गणी गोळा करणे, रोख लाभ देणे आणि शाखा कार्यालये चालवणे हे काम केंद्राच्या अखत्यारीतल्या महामंडळाचे. काही रुग्णालयेही महामंडळ थेट चालवते. परंतु बरीच रुग्णालये व सेवा दवाखाने राज्य सरकारच्या यंत्रणेमार्फत, म्हणजे राज्य कामगार विमा सोसायटीमार्फत चालतात. ठरलेल्या मर्यादेपर्यंत वैद्यकीय खर्चाचा सात अष्टमांश वाटा महामंडळ उचलते आणि एक अष्टमांश राज्य. पैसा मुख्यतः एकाचा, डॉक्टर, परिचारिका आणि औषधखरेदी दुसऱ्याची, अशी ही विभागणी आहे. रिक्त पद भरले गेले नाही तर ते राज्याच्या भरती प्रक्रियेत अडकलेले असते. निधी वेळेवर आला नाही तर त्याचे उत्तर महामंडळाकडे मागावे लागते. आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या रुग्णाला यातले काहीच दिसत नाही.

तक्रार करायची म्हटली तरी हीच फूट आड येते. महामंडळाच्या कार्यालयाविषयीची किंवा रुग्णालयाविषयीची तक्रार केंद्राच्या लोकतक्रार पोर्टलवर किंवा महिन्यातून एकदा भरणाऱ्या ‘सुविधा समागम’ या बैठकीत नेता येते. तोच प्रश्न राज्याच्या सेवा दवाखान्याबद्दल असेल तर ‘आपले सरकार’ पोर्टलचा रस्ता धरावा लागतो. आपला दवाखाना कोणाचा हे रुग्णाला आधी शोधावे लागते, कारण दोन्हींकडे ओळखपत्र एकच चालते आणि पंचदीपाचे चिन्हही तेच दिसते. प्रत्येक दवाखान्याच्या दर्शनी भिंतीवर तो कोण चालवतो, मंजूर पदे किती, भरलेली किती, कोणती औषधे उपलब्ध नाहीत आणि तक्रार कोणाकडे करायची, एवढी माहिती मराठीत लावणे सक्तीचे केले तरी परिस्थितीत फरक पडेल. त्याला नवीन कायदा लागत नाही.

१७ डिसेंबर २०१८ रोजी अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला लागलेल्या आगीत माणसे गेली. त्या घटनेनंतर रुग्णालयाच्या सुरक्षेची जबाबदारी कोणत्या यंत्रणेची, यावर बरीच चर्चा झाली. विमेदाराच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या इमारतीची पाहणी त्याच्या हिशेबाइतक्याच नियमितपणे आणि तितक्याच उघडपणे झाली पाहिजे, हे त्या दुर्घटनेनंतर कोणाला पटवून द्यावे लागू नये.

जेथे सेवा चांगली चालते तेथे ती खरोखर चांगली चालते, हे नोंदवणेही तितकेच गरजेचे आहे. पॅनल डॉक्टरांची जुनी पद्धत मुंबई-पुण्यात अजून उपयोगी पडते. वस्तीतलाच ओळखीचा डॉक्टर विमेदाराला तपासतो आणि रजेचा दाखला देतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी किंवा कर्करोगाच्या उपचारासाठी करारबद्ध खाजगी रुग्णालयात पाठवले गेले तर बिल परस्पर भागते आणि कुटुंब कर्जात बुडत नाही. माझ्या माहितीतल्या अनेक घरांत एका मोठ्या आजारातून संसार सावरला तो या योजनेमुळेच. मात्र अशा रुग्णालयात पाठवणाऱ्या संदर्भपत्रापर्यंत पोहोचणे किती सोपे, हे दवाखान्यागणिक आणि कधी कधी तेथील एका कर्मचाऱ्यागणिक बदलते. हक्काची सेवा अशी माणसावर अवलंबून राहू नये.

नोकरी गेल्यावर काय मिळते, हा या योजनेचा सर्वांत कमी वापरला जाणारा भाग असावा. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेत कारखाना बंद पडल्यास, कामगार कपात झाल्यास किंवा ठरावीक प्रमाणात कायमचे अपंगत्व आल्यास एकूण २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो. १ जुलै २०१८ पासून तिच्या जोडीला अटल बिमित व्यक्ती कल्याण योजना आली. सुरुवातीला तिच्यात सरासरी दैनिक मजुरीच्या २५ टक्के रक्कम ९० दिवसांपर्यंत मिळत असे. करोनाकाळात, २४ मार्च २०२० पासून, हा दर ५० टक्के करण्यात आला, नोकरी सुटल्यानंतर ९० ऐवजी ३० दिवसांनी दावा करण्याची मुभा दिली गेली आणि मालकाच्या शिफारशीशिवाय कामगाराला थेट अर्ज करता येऊ लागला. या सवलतींना पुढे वेळोवेळी मुदतवाढ मिळत गेली. दिवसाला ६०० रुपये सरासरी मजुरी असलेल्या कामगाराला या दराने ९० दिवसांचे २७,००० रुपये मिळतात. घरभाडे आणि किराणा यांच्या हिशेबाने ही रक्कम क्षुल्लक नाही.

मर्यादा मात्र लक्षात ठेवाव्यात. अटल योजनेचा लाभ आयुष्यात एकदाच, एकूण ९० दिवसांसाठी आहे. गैरवर्तनामुळे काढलेल्यांना किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांना तो मिळत नाही. राजीव गांधी योजनेची अडचण अधिक खोल आहे: ठेकेदाराच्या कामगाराची कागदोपत्री ‘कपात’ होतच नाही, फक्त ठेका संपतो. कारण बदलले की हक्क बदलतो, आणि कारण लिहिण्याची लेखणी मालकाच्या हातात असते. मालक संगणकावर काम सोडण्याचे जे कारण निवडतो ते कामगाराला त्याच दिवशी मोबाइलवर कळले पाहिजे आणि त्यावर हरकत घेण्याची सोय असली पाहिजे, ही माझी ठाम मागणी आहे.

या भत्त्याची नोकरी शोधण्याच्या सेवेशी सांगड घातली गेलेली नाही, हे मला या योजनेतले सर्वांत मोठे वैगुण्य वाटते. ब्रिटनमध्ये श्रम कार्यालये १९१० मध्ये उघडली आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारी विमा आला, तेव्हा भत्ता मागण्याचे आणि काम शोधण्याचे ठिकाण एकच ठेवले गेले होते. आपल्याकडे भत्ता महामंडळाच्या शाखेत, राष्ट्रीय करिअर सेवा त्याच कामगार मंत्रालयाच्या वेगळ्या पोर्टलवर, आणि पूर्वी सगळे ज्याला एम्प्लॉयमेंट एक्सचेंज म्हणत ते जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र राज्याच्या दुसऱ्याच विभागाकडे. ज्या महामंडळाला एखाद्या कामगाराचे काम गेल्याचे सर्वांत आधी कळते, त्याच्या हाती नोकरीची यादी नाही. ज्यांच्याकडे यादी आहे, त्यांना हा कामगार ठाऊक नाही. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळवण्याचे आणि तिमाही विवरणपत्र भरण्याचे बंधन घातले, पण त्या यादीतूनच माणूस घेण्याचे बंधन कधीच नव्हते. तेथेही देखरेख कागद पोहोचला की नाही यावर राहिली, माणूस कामाला लागला की नाही यावर नाही.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून १९४८ आणि १९५९ चे कायदे तिच्यात सामावले गेले आहेत. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा अधिक झाले तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. त्यामुळे मूळ पगार कमी दाखवून वर्गणी वाचवण्याची वाट अरुंद होईल आणि रोख लाभाची रक्कमही वाढेल, अशी अपेक्षा ठेवायला जागा आहे. नोंदणी न केलेल्या मालकांना मागील थकबाकीचा हिशेब न विचारता योजनेत येण्याची संधीही १ जुलै २०२५ पासून ‘स्प्री’ नावाने देण्यात आली. मालकांच्या सोयीचे हे पाऊल झाले. ज्यांची वर्गणी मागची काही वर्षे भरलीच गेली नाही, त्या कामगारांच्या त्या वर्षांतल्या दवाखान्याच्या बिलांचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

साठीला आलेल्यांसाठी एक उपयुक्त माहिती: किमान पाच वर्षे विमेदार राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. निवृत्तीच्या वेळी मालकाने हे सांगितलेच पाहिजे असा नियम असता तर बरे झाले असते. तोवर संघटनांनी आणि पगाराचे काम पाहणाऱ्यांनी ते सांगत राहावे.

राहिली ती स्थानिक देखरेख. १९४८ च्या कायद्यातच प्रादेशिक मंडळे आणि स्थानिक समित्या यांची तरतूद केलेली होती, आणि त्यांत कामगारांचे प्रतिनिधी असावेत असे अपेक्षित होते. महामंडळाच्या रुग्णालयांत विकास समित्याही असतात. या समित्यांच्या बैठका केव्हा होतात, त्यांत आपल्या भागातून कोण बसते आणि मागच्या बैठकीचे इतिवृत्त कुठे पाहायला मिळेल, हे तीन प्रश्न प्रत्येक औद्योगिक वसाहतीतल्या कामगार संघटनेने आणि लघुउद्योजक संघटनेने मिळून आपल्या शाखा कार्यालयाला लेखी विचारावेत. वर्गणी दोघेही भरतात, म्हणून विचारण्याचा अधिकारही दोघांचा आहे. उत्तर न आल्यास तोच अर्ज माहिती अधिकाराखाली करता येतो.